कौतुक कसं ऐकायचं, कसं करायचं आणि कसं घ्यायचं

मी टेलरची मुलगी. वडिलांचं दुकान साताऱ्यात होतं, शाळा सुटली की मी तिथेच, काउंटरच्या मागे स्टुलावर बसून गृहपाठ करायचे, त्यामुळे लोक कौतुक कसं करतात हे मी लहानपणापासून इतकं ऐकलंय की त्याचे प्रकार तोंडपाठ झाले. शर्ट घालून आरशात बघत "एक नंबर झालाय मास्तर" म्हणणारे असायचे, ते खरं तर स्वतःलाच बघत असायचे. "तुमच्यासारखा हात अख्ख्या पेठेत नाही" म्हणायचं आणि लगेच "मग शिलाईचं जरा बघा की" असेही असायचे. आणि एक रिटायर झालेले गुरुजी यायचे. ते आधी शर्ट अंगात घालायचेच नाहीत. दारात उजेडाला जायचे, शर्ट उलटा करायचे, काखेतल्या टिपेवरून बोट फिरवायचे, मग एकेका काजावरून अंगठा, आणि म्हणायचे, "आतली बाजू पण बाहेरच्यासारखीच ठेवलीय की." बास, एवढंच. वडील त्या एका वाक्यावर आठवडाभर खूश असायचे आणि मला कळायचं नाही की "एक नंबर"पेक्षा हे एवढं मोठं कसं काय.

आता कळतं. गुरुजींनी बघितलं होतं. बाकीच्यांनी नुसतं म्हटलं होतं.

कौतुकात सगळ्यात आधी हेच तपासायचं, समोरच्याने बघितलंय का, आणि बघितलं असेल तर कुठे बघितलंय. तो कुठे बघतो त्यावरून तो माणूस कळतो. हे एकदा लक्षात आलं ना की कौतुकाने हुरळून जाणं पण कमी होतं आणि "काय उगाच गोड बोलतायत" असा संशय पण कमी होतो.

आधी शब्द बघा, कारण आपल्या भाषेत हे सगळं आधीच सांगून ठेवलंय. कौतुक हा संस्कृतातून आलेला शब्द, तिथे त्याचा अर्थ कुतूहल, नवल. आपण अजूनही म्हणतो ना "बाळाकडे कौतुकाने बघत होती", त्यात कोणी काही बोललेलं नसतं, फक्त बघणं असतं. दाद फारसी, तिकडे दाद म्हणजे न्याय, आणि म्हणूनच आपण गाण्याला दाद देतो आणि कोर्टात दाद मागतो, शब्द तोच. म्हणजे दाद देणं म्हणजे एखाद्याचं जे देणं लागतो ते देऊन टाकणं, उपकार नाही. शाबास पण फारसीच, शाद बाश, आनंदात राहा, म्हणजे तो एक आशीर्वाद झाला, आणि म्हणून तो मोठ्याने लहानाला द्यायचा, बॉसला कोणी शाबास म्हणत नाही. तारीफ अरबी, तिचा मूळ अर्थ ओळख करून देणं, उर्दूत "आपकी तारीफ?" विचारतात ते "तुम्ही कोण" या अर्थाने. मला हा अर्थ फार आवडतो, कारण खरं कौतुक असंच असतं, कोणीतरी आपलीच ओळख आपल्याला करून देतं. नारायण श्रीपाद राजहंस नावाच्या लहान मुलाचं गाणं ऐकून लोकमान्य टिळकांनी त्याला बालगंधर्व म्हटलं असं सांगतात, आणि पुढे जन्मभर, आणि आजही, आपण त्यांना त्याच नावाने ओळखतो. एक कौतुक आणि त्याचं नाव झालं.

आणि मग मस्का, लोणी लावणं, हरभऱ्याच्या झाडावर चढवणं, तोंडदेखलं बोलणं, अहो रूपम् अहो ध्वनी हे सगळे शब्द पण आपल्याकडेच आहेत, म्हणजे आपल्या लोकांना फरक चांगला माहितीये. तरी आपण फसतो कारण ऐकताना कान सुखावतात आणि डोकं बंद होतं.

ऐकताना काय पकडायचं

पहिली गोष्ट, नेमकेपणा. पुरणपोळी खाऊन "छान झालीय" कोणीही म्हणेल, न खाता पण म्हणेल. "पुरण पार कडेपर्यंत गेलंय आणि कुठे फुटली नाहीये" हे तीच बाई म्हणणार जिने स्वतः पोळ्या लाटल्यात आणि कधीतरी तिच्या पोळीची कड नुसती कणकेची राहिलीय. त्या वाक्यात तुमच्या पोळीचं कौतुक आहे आणि तिच्या हाताचा इतिहास पण आहे. असं वाक्य कोणी बोललं तर थांबा, ते माणूस जपून ठेवण्यासारखं आहे, त्याला विचारा "तुम्ही कसं करता", अर्धा तास कसा जाईल कळणार नाही.

गाण्याच्या मैफलीत हे सगळ्यात स्वच्छ दिसतं. पुण्यात डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सव असतो, भीमसेन जोशींनी 1953 मध्ये गुरूंच्या आठवणीसाठी सुरू केलेला, तिथे एकदा गाणाऱ्यांकडे न बघता ऐकणाऱ्यांकडे बघा. द्रुत तान सुटली की अख्खा मांडव टाळ्या वाजवतो, ठीक आहे, तेही खरंच आहे. पण विलंबित, म्हणजे संथ लयीतलं गाणं चालू असताना, काहीच मोठं घडत नसताना गाणारा कुठूनतरी फिरून अलगद समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर येतो आणि चौथ्या रांगेतले एक आजोबा फक्त मान हलवून "अहाहा" करतात, तेवढ्यात स्टेजवरचा माणूस नेमका तिकडेच बघतो. हजारो टाळ्यांमध्ये त्याला तो "अहाहा" ऐकू जातो. कारण तिथे दाद देणाऱ्याला ताल माहिती आहे, तो मनात मात्रा मोजत होता, तो गाणाऱ्याच्या सोबत होता. दाद कुठे आली यावरून ऐकणारा कळतो, हे गाणारे फार आधीपासून जाणतात.

दुसरी गोष्ट, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, "असून" पकडा. एवढी शिकलेली असून स्वयंपाक किती छान करते. गावाकडचा असून इंग्लिश बघ कसं बोलतो. काळी असून नाकीडोळी नीटस आहे. मुलगी असून बापाचा धंदा सांभाळते. ऐकायला कौतुक आहे, पण असूनच्या आधी जे आलं ना, ते त्या माणसाचं खरं मत आहे, की शिकलेल्या बायका घर बघत नाहीत, गावाकडच्यांना काही येत नाही, काळं म्हणजे कमी. "तरी", "च्या मानाने" ही त्याचीच भावंडं, वयाच्या मानाने, आमच्यातल्या मानाने, कोट्यातून आलेल्याच्या मानाने. मी वडिलांचं दुकान पुढे चालवायला घेतलं तेव्हा पहिली दोन वर्षं मला रोज असूनवालंच कौतुक मिळालं, बाई असून पॅन्ट किती परफेक्ट शिवता, आणि मला आनंद पण व्हायचा आणि घशात काहीतरी अडकायचं पण, आणि ते का अडकतंय हे कळायलाच वर्ष गेलं. यावर भांडायची गरज नाही प्रत्येक वेळी. पण आपल्या मनात ते वाक्य दोन तुकड्यात ठेवा, एक माझ्याबद्दल, एक त्याच्याबद्दल.

तिसरं, कौतुकाच्या मागोमाग काय येतं ते बघा. "तुझ्याशिवाय हे कोणाला जमणारच नाही" नंतर शनिवारचं काम येतं का. आणि घरातलं तर जास्त बारकाईने बघा. "आमची सून म्हणजे गुणाची, सगळं एकटी बघते, कधी हूं की चूं नाही" असं पाहुण्यांसमोर म्हटलं जातं तेव्हा त्या वाक्यात एक माहिती आहे, की ती एकटी करते आणि बाकीचे करत नाहीत, आणि एक अट पण आहे, की हूं की चूं केलंस तर गुणाची राहणार नाहीस. "किती समजूतदार पोर आहे, कधी हट्टच नाही करत" ही तर लहान मुलाच्या पायात घातलेली बेडी असते, त्याला एखाद दिवशी हट्ट करायचा असला तरी तो करू शकत नाही. हे बोलणारे सगळे दुष्ट असतात असं अजिबात नाही, बहुतेकांना कळतही नाही आपण काय करतोय. पण ज्याचं कौतुक होतंय त्याला कळायला हवं.

कोणासमोर म्हटलं हेही बघा. तुमच्यासमोर तुमच्या जावेचं जरा जास्तच कौतुक चाललं असेल तर ते जावेसाठी नाहीये, लेकी बोले सुने लागे. आणि याच्या बरोबर उलटं पण असतं, आपल्याकडचे बाबा लोक. तोंडावर कधीही नाही, "ठीक आहे, पुढच्या वेळी अजून चांगलं कर", आणि मग एक दिवस पोस्टमन नाहीतर सलूनवाला सांगतो की तुझे वडील तुझ्याबद्दल काय बोलत होते. यामागे एक जुनी भीती आहे, दृष्ट लागेल ही. आजी बाळाला छान म्हणायची आणि पाठोपाठ कानामागे तीट लावायची, मीठमोहऱ्या ओवाळायची, कानशिलावर बोटं मोडायची. ज्या घरात कौतुकाला असं भ्यायलं जातं तिथे तोंडावर कौतुक न करणं हे प्रेमच असतं, फक्त ते मुलापर्यंत फार उशिरा पोचतं आणि काही वेळा पोचतच नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

अजून एक. एखादा माणूस सगळ्यांचं एकाच गोष्टीसाठी कौतुक करत असेल तर ती त्याची स्वतःची भूक असते. आमच्याकडे एक काका यायचे, कोणाचाही विषय निघाला की "त्याने ना, बंगला काय बांधलाय". डॉक्टर असो, मास्तर असो, बंगला. काका तीस वर्षं भाड्याच्या घरात होते. मला त्यांच्याबद्दल हे ऐकून माया वाटायची. कोणी नेहमी "किती शांत आहे तो" म्हणत असेल तर त्याच्या घरात आरडाओरडा असेल, कदाचित. आणि जो कधीच कोणाला काहीच चांगलं म्हणत नाही तोही सांगतच असतो काहीतरी.

यावर अभ्यास पण झालाय. 2010 मध्ये अमेरिकेत डस्टिन वूड, पीटर हार्म्स आणि सिमिन वझीर या तिघांनी ओळखीच्या लोकांना एकमेकांबद्दल विचारलं, तर जे दुसऱ्यांना चांगलं म्हणत होते ते स्वतः जास्त समाधानी निघाले आणि इतरांनीही त्यांना चांगलंच म्हटलं, आणि सरसकट वाईट बघणाऱ्यांमध्ये आत्मप्रौढीचं प्रमाण जास्त निघालं. त्याआधी 1998 मध्ये जॉन स्कोव्रोन्स्की आणि बाकीच्यांनी दाखवलं होतं की आपण दुसऱ्याचे जे गुण सांगतो ते ऐकणारा नकळत आपल्यालाच चिकटवतो, तू कोणाला प्रामाणिक म्हणालीस तर ऐकणाऱ्याच्या डोक्यात तूच थोडी प्रामाणिक होतेस, आणि कोणाला कपटी म्हणालीस तर तेही तुलाच. आपल्या आज्या "कोणाला नावं ठेवू नये" म्हणायच्या ते काय उगाच नाही.

मुलांचं कौतुक करताना

इथे जरा थांबते कारण इथे नुकसान होऊ शकतं. 1998 मध्येच क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी पाचवीतल्या मुलांवर प्रयोग केले. आधी मध्यम अवघड कोडी दिली, सगळ्यांना छान केलंस म्हणून सांगितलं, फक्त काहींना म्हटलं "तू हुशार आहेस" आणि काहींना म्हटलं "तू खूप मेहनत घेतलीस". एका वाक्याचा फरक. मग पुढची कोडी कसली हवीत विचारलं तर हुशारवाली मुलं ज्यात हुशार दिसू तसली मागायला लागली आणि मेहनतवाली ज्यात काहीतरी शिकायला मिळेल तसली. मग मुद्दाम अवघड कोडी दिली, सगळ्यांचे मार्क पडले, आणि त्यानंतर परत पहिल्यासारखी दिली तर हुशारवाल्यांना पहिल्या वेळेपेक्षाही कमी मिळाले आणि मेहनतवाल्यांचे वाढले. आणि सगळ्यात टोचणारी गोष्ट, दुसऱ्या मुलाला आपले मार्क लिहून कळवायला सांगितलं तेव्हा हुशार म्हटलेल्या मुलांपैकी दहातल्या जवळजवळ चौघांनी मार्क वाढवून लिहिले. म्हणजे हुशार हे नाव वाचवायला पोरं खोटं बोलली. त्यांचा काय दोष, आपणच तसं नाव दिलं.

नेदरलँड्समध्ये 2014 ला एडी ब्रुमेलमन यांनी अजून एक दाखवलं. मुलांनी व्हॅन गॉगच्या रानगुलाबांच्या चित्राची नक्कल काढली, मग काहींना चिठ्ठी मिळाली की चित्र सुंदर आहे आणि काहींना की अविश्वसनीय सुंदर आहे. ज्या मुलांना आधीच स्वतःबद्दल कमी वाटत होतं ती "अविश्वसनीय" ऐकल्यावर पुढे सोपी चित्रं निवडायला लागली. आणि मोठी माणसं नेमकं अशाच मुलांना फुगवून कौतुक देतात असंही त्यात दिसलं, म्हणजे ज्याला बरं वाटावं म्हणून जास्त बोलायचं त्यालाच त्याचं ओझं होतं.

आता हे वाचून बरेच पालक काय करतात, "हुशार" काढून त्याजागी "मेहनत घेतलीस" टाकतात आणि दर वेळी तेच म्हणतात, ते पण मुलांना दोन दिवसात कळतं. माझं म्हणणं सोपं आहे, जे बघितलं ते बोला. "हत्तीचे पाय तू आधी काढलेस आणि मग पुसून परत काढलेस ना, आता तो उभा वाटतोय." बघितलं नसेल तर बघा आणि मग बोला, आणि बघायला वेळ नसेल तर "मला दाखव, पोळ्या झाल्या की बसते" म्हणा, हे मोबाइलवरून डोकं न काढता म्हटलेल्या "वॉव"पेक्षा कितीतरी चांगलं.

करायचं कसं

गुरुजींची पद्धत. वस्तू उजेडात न्या, उलटी करा. म्हणजे कामाची अशी बाजू बघा जी दिसावी म्हणून केलेली नाहीये. रिपोर्ट चांगला म्हणण्यापेक्षा त्यातल्या आकड्यांचा टेबल कोणी तीनदा तपासलाय ते बघा. लग्नात जेवण छान होतं हे सगळेच सांगतात, पण शेवटच्या पंगतीला पण मठ्ठा गार होता हे त्या आचाऱ्याला जाऊन सांगा, बघा त्याचा चेहरा.

मग ते एका वाक्यात बोला आणि थांबा. थांबणं अवघड आहे. आपल्याला पुढे "पण" लावायची सवय आहे, भाजी मस्त झालीय पण मीठ किंचित, आणि ऐकणाऱ्याच्या मनात फक्त मीठ उरतं. मिठाचं सांगायचंच असेल तर उद्या सांगा. तुलना करू नका, "ताईपेक्षा तुझं छान झालंय" म्हटलं की ताई खोलीत नसली तरी खोलीत येते. ज्या दिवशी काही मागायचं असेल त्या दिवशी कौतुक करू नका, दुसऱ्या दिवशी करा. ग्रुपवर नुसता अंगठा टाकण्यापेक्षा एका ओळीचा मेसेज वेगळा करा.

आणि लाजू नका. 2021 मध्ये एरिका बूथबी आणि व्हेनेसा बोन्स यांनी लोकांना अनोळखी माणसाचं काहीतरी खरंच आवडलेलं बघून तसं सांगायला लावलं, त्याआधी त्यांना विचारलं की समोरच्याला कसं वाटेल, आणि लोकांचा अंदाज दर वेळी कमीच निघाला, समोरच्याला त्याहून जास्त बरं वाटलं आणि आपण उगाच त्रास देऊ ही भीती पण फुकटच निघाली. म्हणजे एसटीच्या कंडक्टरने म्हाताऱ्या बाईला नीट हात धरून उतरवलं तर "तुम्ही बरं केलंत, थांबलात त्यांच्यासाठी" एवढं म्हणून उतरा. पाठीमागे पण कौतुक करा, मुद्दाम, ज्याच्यापर्यंत पोचेल अशा माणसाजवळ. ते पोचतं तेव्हा त्यावर शंका घ्यायला जागाच नसते.

घ्यायचं कसं

"साडी किती छान आहे", "अगं जुनीच आहे, सेलमधली". "भाकरीला काय पापुद्रा सुटलाय", "छे, पीठच ताजं होतं". आपण नम्रपणाने म्हणतो हे, पण समोरच्याने बघितलेलं असतं आणि आपण त्याला सांगतो की तुझे डोळे चुकले. असं चारदा झालं की तो बघायचं सोडतो. थँक्यू म्हणा, आणि त्याने जे बघितलं त्यातलं अजून एखादं खरं सांगा, "हो, पाच वर्षांनी जमलाय तो पापुद्रा". कामाला बांधणारं कौतुक असेल तर दोन्ही वेगळं ठेवा, "थँक्यू, बरं वाटलं, शनिवारी मात्र मला जमणार नाही". आणि ज्यात दुसऱ्याचा हात आहे ते त्याचं नाव घेऊन त्याच्याकडे पाठवा, तिथल्या तिथे.

हे मी वडिलांकडून बघितलं. काज-बटण आणि हेमिंग आई घरी करायची, कपड्यांचं गाठोडं मी दुकानातून न्यायचे आणि आणायचे. गुरुजी एकदा काजावर अंगठा ठेवून जरा जास्त वेळ थांबले आणि म्हणाले, "मास्तर, मशीनचं वाटावं इतकं सरळ आहे हे." वडील म्हणाले, "गुरुजी, बसा, चहा सांगतो. काजं आमच्या घरी होतात, हिची आई करते", आणि माझ्याकडे बोट केलं. गुरुजी माझ्याकडे वळून म्हणाले, "मग तिला सांग मी म्हणालो म्हणून."

संध्याकाळी गाठोडं घेऊन घरी गेले आणि चप्पल काढायच्या आत सांगितलं. आई कंदिलाची काच पुसत होती, लाइट गेली होती. तिने हात थांबवला आणि विचारलं, "कुठला शर्ट?"

"निळ्या चौकड्यांचा."

"हां," ती म्हणाली, "त्याला दोरा मी बारीक घेतला होता."